ड्यूटी रूम : 'जी' गिळण्याचा, 'एस' शब्दाचा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली, स्पेलिंग. नर्सची पत्रं आहेत, मेडिकलवाल्यांचं आहे, एका आईचं आहे, एका रिटायर्ड मास्तरांचंही आहे. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवले, आज फक्त हेच.

अक्का, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स आणि बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. दीड वर्ष झालं एका खाजगी हॉस्पिटलात ड्यूटी करते. गेल्या आठवड्यात राउंडला मोठ्या डॉक्टरांनी माझी नोट सगळ्यांसमोर वाचून दाखवली, डायरियाचं स्पेलिंग चुकलं होतं, डबल आर लिहिला पण एच राहिला आणि शेवटाकडचा ओ पण नव्हता. पेशंटचे नातेवाईकसुद्धा हसले. डॉक्टर म्हणाले, मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच असतं. तेव्हापासनं मी नोट्स अगदी थोडक्यात लिहिते, अवघड शब्द आला की नुसती नागमोडी रेघ ओढते म्हणजे चूक दिसत नाही. आई म्हणते सोड ती नोकरी. काय करू?
– एक स्टाफ नर्स

बाळ, नोकरी सोडू नकोस. आणि ती नागमोडी रेघ मात्र आजच्या आज सोड, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला भीती वाटली ती त्या एकाच ओळीची.

आधी डायरियाचं बघू. शेवटाकडचा ओ नव्हता ही चूकच नाही. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत चालते, त्यात ओ येतो, अमेरिकन पुस्तकांत तो गाळतात, तसंच ॲनिमिया, एडिमा, पीडियाट्रिक्स, हॅमरेज या सगळ्यांचं आहे, एकात अक्षर जास्त एकात कमी, दोन्ही बरोबर. एका केसशीटवर एकच पद्धत ठेवावी एवढंच. राहिला एच. हे शब्द ग्रीकमधनं आलेत, त्यात डबल आरच्या मागनं एच येतोच येतो. डायरिया, हॅमरेज, सिरोसिस, गोनोरिया हे चार शब्द एका पानावर एकाखाली एक लिहून काढ, चारही ठिकाणी तीच जोडी दिसेल, आर आर एच. मग हा एच जन्मात विसरणार नाहीस. आम्हाला शाळेत स्पेलिंग पाठ करायला लावायचे पण शब्द आतनं कसा बनलाय ते कुणी सांगितलं नाही, तुलाही कुणी सांगितलं नसणार, यात मराठी मीडियमचा काही दोष नाही. इंग्लिश मीडियमच्या पोरीही हाच एच खातात, मी ३२ वर्षं वॉर्डात बघितलंय.

आणि दुसरं सांगते ते जास्त महत्त्वाचं. तुझ्या चुकलेल्या डायरियानं कुणाचं काही बिघडलं नसतं, वाचणाऱ्याला कळलंच असतं की जुलाब. पण काही शब्द असे आहेत की एक अक्षर बदललं की दुसराच खरा शब्द तयार होतो आणि वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. ते शब्द वेगळे काढायला शीक.

माझ्या हातनं झालेलं सांगते. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. हुक्केरीकडचे एक आजोबा लकवा मारून ॲडमिट होते, उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलत होते पण अडखळत, आणि पाणी दिलं की ठसका लागायचा. म्हणजे डिस्फेजिया, गिळायला त्रास. मी दुपारच्या ड्यूटीला नोट लिहिली आणि जी च्या जागी एस लिहिला. झालं डिस्फेझिया, म्हणजे बोलायला त्रास. तोही आजार खराच आहे, लकव्यात तोही होतो, आजोबांचं बोलणं अडखळतच होतं, त्यामुळं रात्रीच्या सिस्टरला काही चुकल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं. पहाटे मुलानं विचारलं, सिस्टर, बाबा चहा मागतायत, देऊ का? ती म्हणाली, द्या थोडा. दोन घोटांत आजोबा निळे पडले. सक्शन लावलं, वाचले, पण चहा फुफ्फुसात उतरला होता, न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस जास्त काढावे लागले. सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा त्यांचा मुलगा बाहेर पायरीवर ती चहाची किटली घेऊनच बसला होता, त्याला वाटत होतं चूक त्याची आहे. मी केसशीट उघडली, माझंच अक्षर, माझीच सही.

त्या दिवसापासनं मी प्रत्येक विद्यार्थिनीला हे सांगत आले, जी गिळण्याचा, एस शब्दाचा. मराठीतनंच लक्षात ठेवायचं. गिळायचं जमत नाही तिथं जी, शब्द जमत नाही तिथं एस. आणि नोटमध्ये नुसता तो एक शब्द लिहून थांबू नकोस, पुढं साध्या इंग्रजीत एक ओळ लिही, 'पाणी देताना ठसका लागतो, तोंडानं काही देऊ नये'. मग स्पेलिंग चुकलं तरी ती ओळ पेशंटला सांभाळते.

असेच आणखी आहेत. इलियम दोन, मधे ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, मधे आय असेल तर कमरेचं हाड, उच्चार अगदी एक. इटिंगचा ई, म्हणून तो आतड्याचा. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) तर रोजचेच, घाईत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, आणि पोटॅशियमच्या बाबतीत हा घोळ जिवावर बेततो, एकात पोटॅशियम द्यायचं असतं आणि दुसऱ्यात चुकूनही द्यायचं नसतं. तिथं शब्दाच्या भरवशावर राहूच नकोस, आकडा लिही, 'पोटॅशियम २.८'. आकडा बघितला की हायपो की हायपर हे विचारावं लागत नाही.

आता ती रेघ. तू चूक झाकायला रेघ ओढतेस, पण पुढची सिस्टर त्या रेघेत तिला जे वाटेल ते वाचणार. चुकीच्या स्पेलिंगवरनं निदान अंदाज तरी बांधता येतो, रेघेवरनं तोही नाही. शब्द येत नसेल तर साधं लिही. डायरिया सुचत नसेल तर 'पातळ शौच, सकाळपासनं ५ वेळा, रक्त नाही' एवढं साध्या इंग्रजीत लिहिलंस तर डॉक्टरांना त्या एका शब्दापेक्षा जास्त कळतं. आणि लिहिलेलं चुकलं तर गिरवून काळं करू नकोस, व्हाइटनर तर अजिबात नको, एकच आडवी रेघ मार, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द, वेळ आणि सही.

डॉक्टर सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकीचंच होतं. त्यांना एकट्यात गाठून सांग, सर, चूक दाखवत जा, मी सुधारेन, फक्त पेशंटसमोर नको, नाहीतर पेशंटचा माझ्यावर विश्वास राहत नाही. हे मागणं रास्त आहे, सांगताना मान खाली घालू नकोस. आणि आईला सांग, अक्का नको म्हणाल्या.

नमस्कार मॅडम. माझी मुलगी गेल्या वर्षी बेळगावात एका हॉस्पिटलात झाली. नाव ज्ञानेश्वरी ठेवलं. जन्मदाखल्यावर इंग्रजीत ज्ञ ची सुरुवात जे नं केलीय आणि माझं स्वतःचं नाव कविता असताना त्यात टी च्या पुढं एच घातलाय, म्हणजे 'कविथा'. आधारवर तसं नाही. फॉर्म सिस्टरनीच भरला होता. आता हे दुरुस्त होतं का, आणि एवढं महत्त्वाचं आहे का?
– एक आई, निपाणी

ताई, होतं आणि महत्त्वाचं आहे, आत्ताच करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासनं पुढं जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना, आधार काढताना, मतदार यादीत नाव घालताना, पासपोर्ट, लायसन, सरकारी नोकरी, लग्नाची नोंद, सगळीकडं जन्मदाखलाच मुख्य पुरावा असा कायदा झालाय. तुमच्या मुलीचा जन्म त्याच्या नंतरचा. म्हणजे त्या दाखल्यावरचं स्पेलिंग तिच्याबरोबर आयुष्यभर चालणार.

जिथं जन्माची नोंद झाली त्याच नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या कलम १५ खाली रजिस्ट्रार लिहिण्यातली चूक दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद ते खोडत नाहीत, बाजूला दुरुस्तीची नोंद करून सही-तारीख घालतात. तुम्हा दोघांचं आधार, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि थायी कार्ड (गरोदरपणात मिळतं ते सरकारी कार्ड) घेऊन जा, आणखी काय लागेल ते तिथंच विचारा, म्हणजे दोन खेपा होणार नाहीत.

पण त्या सिस्टरवर रागावू नका, कारण तिच्या हिशोबानं तिनं बरोबरच लिहिलंय. आपण मराठी माणसं इंग्रजीत त आणि ट दोन्हीला टी च वापरतो. कन्नड आणि मल्याळम लोकांच्यात ट ला टी आणि त ला टी-एच असा रिवाज आहे, म्हणून तिकडच्या सविता, लता, कविता सगळ्या एच लावून लिहितात. ज्ञ चंही तसंच, मराठीत आपण डी-एन-वाय लावतो, कन्नडमध्ये जे-एन, हिंदीवाले जी-वाय. मुलगी शिवमोग्ग्याची किंवा केरळची असेल तर तिच्या हाताला तेच वळण. आपल्या भागात एकाच वॉर्डात तीन भाषांच्या पोरी असतात, नाव कानानं ऐकून लिहिलं की असंच होणार. ऋतुजा, कृष्णा, ऋषिकेश यांचे तर किती प्रकार मी बघितलेत.

म्हणून बाळंतपणाला येणाऱ्या प्रत्येक घराला माझं सांगणं असतं, नाव तोंडानं सांगू नका. आई-बापाचं नाव आधारवर आहे तसं मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून थायी कार्डात ठेवा आणि फॉर्म भरताना ती चिठ्ठीच पुढं करा, सही करायच्या आधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर घाईत काहीही घालू नका. नावाशिवाय नोंद होते, आणि नोंदीपासनं १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत उशिराची फी भरून. बारशाला आत्याबाई नाव ठेवतील, मग कागदावर.

एक बारीक गोष्ट, दाखल्यावर गावाचं नाव 'बेळगावी' आलं असेल तर ती चूक नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासनं सरकारी कागदावर तेच आहे. घरातल्या मोठ्या मुलाच्या दाखल्यावर इंग्रजीत जुनं नाव आणि धाकटीच्या दाखल्यावर नवं, असं पुष्कळ घरांत आहे, त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करत बसू नका.

अक्का, माझं मेडिकल दुकान आहे, वरच्या मजल्यावर नर्सिंग होम. वॉर्डातनं चिठ्ठ्या येतात त्यात औषधाची नावं अशी असतात की अर्धं काम अंदाजानं चालतं. परत पाठवली की सिस्टर चिडतात. मी काय करावं?
– एक फार्मासिस्ट, चिकोडी

परत पाठवत रहा. चिडू देत. दादा, तुम्ही परत पाठवलेली चिठ्ठी हीच त्या पेशंटची शेवटची तपासणी असते.

सेफनं सुरू होणारी औषधं बघा, सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफ्टाझिडिम, सेफुरॉक्सिम, घाईत लिहिलं की सुरुवातीची तीन अक्षरं दिसतात आणि मग नुसती लाट. हायड्रॅलाझिन बीपीचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. क्लोरप्रोमाझिन मानसिक आजाराचं, क्लोरप्रोपामाइड शुगरचं, म्हणजे ज्याला शुगरच नाही त्याची शुगर खाली जाणार. डोपामिन आणि डोब्युटामिन तर एकाच ट्रॉलीवर शेजारी शेजारी. अशा जोड्यांसाठी पुष्कळ ठिकाणी एक युक्ती वापरतात, नावातला जो भाग वेगळा आहे तेवढाच मोठ्या लिपीत छापायचा आणि बाकीचा लहान लिपीत. तुमच्या रॅकवर हे आज करता येईल, मार्करनं चार-सहा लेबलं लिहायला अर्धा तासही लागत नाही.

आणि नर्सिंग होमच्या डॉक्टरांनाही आठवण करून द्या. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच नियमात घातलंय. केसशीटवर डॉक्टरांचं गिचमिड अक्षर असतं, सिस्टर ते बघून चिठ्ठीवर उतरवते आणि स्पेलिंग चुकलं म्हणून बोलणी तिला. मूळ नाव वाचता आलं असतं तर तिची निम्मी स्पेलिंगं आपोआप बरोबर आली असती.

नावापेक्षाही जास्त डोळ्यात तेल घालून बघायचं ते डोस. इन्सुलिनच्या पुढं युनिटसाठी नुसता यू लिहितात, घाईत त्याचं वरचं तोंड मिटलं की शून्य झालं, १० चे १००. अमेरिकेत जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ मध्ये 'हे लिहूच नका' अशी यादी काढली त्यात हा यू आहे, आययू (इंटरनॅशनल युनिट) आहे कारण तो आयव्ही (शिरेतनं द्यायचं) वाचला जातो, आणि पॉइंटचा घोळही आहे. १ मिलिग्रॅम लिहायचं, १.० नाही, कारण टिंब पुसट झालं की १० होतात. अर्धा लिहायचा तर ०.५, आधीचं शून्य विसरलं की ५. मॅग्नेशियम सल्फेट आणि मॉर्फिन सल्फेट या दोन्हींची इंग्रजी लघुरूपं वापरायची नाहीत, एकाचं दुसरं वाचलं जातं, हेही त्याच यादीत. लेबर रूममध्ये झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम जातं, तिथं पूर्ण नावच पाहिजे.

इन्सुलिनचं आणखी एक, आपल्याकडं एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटलीही येते आणि १०० वालीही. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. चिठ्ठीवर नुसतं 'इन्सुलिन सिरिंज' आलं तर बाटली कुठली हे विचारल्याशिवाय देऊ नका.

मी निवृत्त शिक्षक, येळ्ळूर. माझ्या पत्नीच्या केसपेपरवर सगळं इंग्रजीत. नर्सना इंग्रजी जड जातं तर त्यांनी मराठीत किंवा कन्नडमध्ये का लिहू नये? चुका आपोआप थांबतील.

गुरुजी, तुमची तळमळ कळते. पण आपल्या भागातला पेशंट एका हॉस्पिटलात थांबत नाही. आज बेळगाव, उद्या मिरज नाहीतर कोल्हापूर, खानापूरकडचे कितीतरी गोव्याला जातात. कन्नडमधली नोट मिरजेत वाचता येणार नाही, मराठीतली नोट इथल्याच मंड्याहून आलेल्या डॉक्टरांना कळणार नाही. केसशीट इंग्रजीतच राहू द्यावी, साध्या इंग्रजीत.

पण पेशंटच्या हातात जो कागद जातो तो त्याच्याच भाषेत पाहिजे, इथं मी तुमच्या बाजूची आहे. फक्त आकडे सांभाळायचे. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा. आमच्याकडं एका सुनेनं सासूबाईंच्या गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत १ लिहिलं होतं, नातू कॉन्व्हेंटमधला, त्यानं आजीला विचारलं, नऊ गोळ्या एकदम? पोरानं विचारलं म्हणून बरं. पाकिटावर अक्षरी लिहा, 'एक गोळी, सकाळी, जेवल्यावर'. पत्नीच्या औषधांची पाकिटं तुम्हीच तुमच्या मास्तरकीच्या अक्षरात लिहून द्या, वॉर्डातल्या पोरींनाही वळण लागेल.

मी वॉर्ड इन्चार्ज. नवीन मुली फोनवर ऑर्डर घेतात आणि काहीतरीच लिहितात. व्हॉट्सॲपवर ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची पेशंटची माहिती) देतात तेव्हा मोबाइल आपोआप शब्द बदलतो ते त्यांच्या लक्षात येत नाही. ओरडलं की रडतात, नाही ओरडलं की सुधारत नाहीत.
– एक सिस्टर, बेळगाव

सिस्टर, फोनवरची ऑर्डर लिहून झाली की परत डॉक्टरांना वाचून दाखवायची, औषधाचं नाव एकेक अक्षर सांगून आणि आकडा फोडून. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून 'वन फाइव्ह' की 'फाइव्ह झिरो' असं विचारायचं. डॉक्टर कंटाळले तरी विचारायचं आणि ते कंटाळले तर मुलींच्या वतीनं तुम्ही बोलायचं. मोबाइलमधलं आपोआप बदलणारं सेटिंग बंद करायला लावा, आणि औषधांची ओव्हर व्हॉट्सॲपवर नकोच, ती पेशंटच्या कॉटपाशी उभं राहून, चार्ट समोर धरून द्यायची.

ओरडण्याचं म्हणाल तर वरचं खानापूरच्या मुलीचं पत्र वाचा. ती ओरडा खाऊन सुधारली नाही, ती रेघ ओढायला लागली. मी शेवटच्या दहा वर्षांत एक केलं होतं, नर्सेस स्टेशनला दोरीनं बांधलेली १०० पानी वही ठेवली. ज्याला जो शब्द अडेल तो त्यानं त्यात लिहायचा, नाव घालायचं नाही, ज्याला येत असेल त्यानं पुढं बरोबर लिहून ठेवायचं. पहिल्या पानावर पहिला शब्द मीच लिहिला, डिस्फेजिया, आणि खाली त्या आजोबांची गोष्ट चार ओळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खाली सात शब्द लिहिलेले, त्यातला एक आमच्या मेडिकल ऑफिसरांच्या अक्षरात होता.